निर्मळ सिनेमांची पेटी

कोल्हापूर,
नोव्हेंबरातला तिसरा बुधवार

प्रिय आक्का,

तुझ्या धाकट्या शांतवनाचा तुला दोन्ही हात जोडून सलाम. प्रभूच्या कृपेने इथे आम्ही सगळे खाऊनपिऊन ठीक आहोत आणि तूही मुरगुडात तशीच असावीस म्हणून रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेतो. (रोजच्या म्हणजे एखादा दिवस चुकतो. तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही, तुला लहानपणापासून कळतं.) गुडघ्यांचं कसं काय? मागच्या खेपेला दिलेलं तेल तू कोंबडीच्या पायाला लावतेस असं कानावर आलं. कोंबडी लंगडत असेल तर जरूर लाव, पण मग गुडघ्यांची तक्रार माझ्याकडे करू नकोस. चष्म्याची काडी बसवून घेतलीस का? नसशील तर हे पत्र शेजारच्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, आधी काडी बसव आणि मग वाच. फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुला वाटेल, तर कारण असं की फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

तर आमच्या ऋताचं तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी दुसरीत असताना तिला कावीळ झाली, तीन महिने शाळा बुडाली, आणि परत वर्गात बसवली तर पोरगी तोंडच उघडेना. घरी चिमणीसारखी बडबड करणारी माझी नात शाळेत हजेरीला नुसता हात वर करायची. बाई बिचाऱ्या वाईट नव्हत्या, पण एका खोलीत साठ-बासष्ट पोरं, त्यात एक गप्प बसलं तर कुठल्याही बाईला बरंच वाटणार. (मी स्वतः चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. गप्प पोरांचे मी मनातल्या मनात आभार मानलेले आहेत, हे आज कबूल करतो.) शेवटी आमच्या सूनबाईने, स्नेहलने, जूनमध्ये ठरवलं की वर्षभर ऋताला घरीच शिकवायचं. बाहेरदेशी किती ख्रिस्ती कुटुंबं तसं करतात, आपल्याकडेही काहींनी केलंय, त्यासाठी खास पुस्तकं मिळतात, वगैरे. सम्राटचं तुला माहीत आहे, माझा मुलगा फाउंड्रीतून आला की आधी झोपतो आणि मग सहमत होतो, तसा तो झाला. मी मात्र दोन दिवस जेवताना बोललो नाही. ज्या घरात चौतीस वर्षांचा शिक्षक जिवंत बसलाय त्या घरातली पोर शाळेत जाणार नाही, म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीवर कुणी फडकं मारल्यासारखं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात पेटी आली. स्नेहलच्या कॉलेजातली एक मैत्रीण पुण्याला होती, तिने आपल्या दोन मुलांना घरीच शिकवलं, आता ती माणसं परदेशी गेली. जाताना घरशिक्षणाची सगळी इंग्रजी पुस्तकं आणि चोवीस ख्रिस्ती सिनेमांच्या हिंदीतल्या डीव्हीडी एका पत्र्याच्या पेटीत घालून आमच्या चर्चला भेट म्हणून पाठवली, पत्ता मात्र स्नेहलचा दिला. आठ दिवस पेटी स्नेहलच्या खोलीत होती. मग आमच्या पाळक साहेबांनी जाहीर केलं की ही भेट मंडळीतल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, ज्यांना हवं त्यांनी सिनेमे न्यावेत, पुस्तकं न्यावीत. तिसरीची पुस्तकं कुणाला हवी आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मंडळीत तिसरीतली घरी बसलेली पोर एकच. विषय तिथेच संपला असता. पण मी उभा राहिलो.

मी म्हणालो, परदेशी बनावटीची वस्तू आहे, आत काय आहे हे कुणी बघितलंय का? लेकरांच्या हातात देण्याआधी ती निर्मळ आहे की नाही हे तपासायला नको का? आक्का, मंडळीत असा प्रश्न कुणी विचारला की नको म्हणायची कुणाची छाती होत नाही. झाली समिती. नाव, 'निर्मळ करमणूक व गृहशिक्षण साहित्य निवड समिती'. अध्यक्ष मी. दुसऱ्या सभासद बयाबाई, ज्या मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं परिचारिका होत्या आणि ज्यांना कशाचीच किळस येत नाही, फक्त सिनेमाची येते. तिसरा कृष्णात, मंडप आणि साउंडवाला, कारण प्रोजेक्टर त्याचा. (त्याच्या आजोबांनी धर्म बदलला पण नावांचा हट्ट सोडला नाही. चर्चमध्ये तबला तोच वाजवतो आणि तरुणपणी तालमीत होता.) नियमावली मी स्वतःच्या हाताने लिहिली. पहिलाच नियम असा की तिन्ही सभासदांनी प्रत्येक सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय आणि पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय सोडवल्याशिवाय कोणतीही वस्तू कुटुंबांना द्यायची नाही. पाळक साहेब म्हणाले, मास्तर, फारच काटेकोर. मी मान लववली.

दर शनिवारी चारला चर्चच्या सभागृहात आम्ही तिघं बसायचो. पहिला सिनेमा दावीद आणि गल्याथ यांचा, कार्टूनमधला. यात काय आक्षेपार्ह असणार असं तुला वाटेल. कृष्णातने हरकत घेतली. म्हणाला, जोड ठरवताना वजन बघितलं नाही, पंच नाही, आणि लांबून दगड मारून चीतपट केली याला कुस्ती म्हणायची का? आपल्या गावची पोरं हे बघून तालमीत गोफण घेऊन जातील. मी त्याला म्हटलं, अरे, हे पवित्र शास्त्रात आहे. तो म्हणाला, शास्त्रात आसंल, पर पडद्यावर बघितल्यावर लई खटकतंय. निर्णय राखून ठेवला. दुसरा सिनेमा एका अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा. त्याचं शेत जातं, तो प्रार्थना करतो, शेत परत मिळतं, आणि शेवटी मुलीचं लग्न लागतं. लग्नात नवरदेव नवरीचा मुका घेतो. बयाबाईंनी ताबडतोब पदर डोळ्यांवर घेतला. (पदर वायलचा. त्यातून सुई ओवता येईल.) मग त्या म्हणाल्या, नेमका किती वेळ घेतला हे अहवालात लिहावं लागेल, मागं घेऊन पुन्हा दाखव. कृष्णातने तीनदा दाखवला. तिन्ही वेळा पदर होता. अहवालात 'सात सेकंद' अशी नोंद झाली आणि सिनेमा नापास झाला.

असे आम्ही जून ते ऑक्टोबर बसलो आणि सगळे मिळून फक्त एकच सिनेमा पास केला. तो मधमाश्यांचा माहितीपट होता, निर्मात्याची करणी किती अद्भुत आहे असं सांगणारा. त्यातही राणीमाशीच्या संसाराबद्दल बयाबाईंना शंका होती, तो दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मंडळीतली माणसं रविवारी माझ्याकडे बघून गुणगुणायला लागली. तेव्हा पाळक साहेबांनी सुचवलं की निदान एक कथापट तरी कुटुंबांना एकत्र दाखवा. आम्ही उधळ्या पुत्राचा निवडला, कारण शेवटी पश्चात्ताप आहे. पण पाहायला बसलो तर लक्षात आलं की पाऊण तास पोरगा उधळतोय आणि पश्चात्ताप पाच मिनिटांत आटोपलाय. बयाबाई म्हणाल्या, उधळणं काढून टाका. कृष्णातने आपल्या लॅपटॉपवर प्रत करून घेतली आणि तेवढं कापलं. कामात तो प्रामाणिक आहे, सगळंच कापलं. मग ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी शंभर माणसांसमोर पडद्यावर असं दिसलं की मुलगा बापाकडून आपला वाटा घेतो, फाटकातून बाहेर पडतो, आणि लगेच फाटकातून आत येतो. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, ओक्साबोक्शी रडतो, अंगठी घालतो, पोसलेलं वासरू कापतो. सभागृहात कुणाला काही कळेना. पुढच्या रांगेतल्या एका आजीने मोठ्याने विचारलं की हातकणंगल्यापर्यंत जाऊन गाडी चुकली म्हणून परत आलेल्या पोरासाठी वासरू कशाला कापायचं. थोरला भाऊ चिडून बाहेर बसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पुस्तकांकडे येतो, कारण खरं घोडं तिथे अडलं होतं. सिनेमांवाचून कुणाचं काही अडत नव्हतं, पण तिसरीच्या संचावर ऋताचं वर्ष होतं. स्नेहल दर शनिवारी संध्याकाळी विचारायची, पप्पा, झालं का? आणि मी सांगायचो, अजून स्वाध्याय चालू आहेत. खोटं नव्हे ते. मी खरंच एक एक स्वाध्याय सोडवत होतो आणि प्रत्येकावर लेखी शेरा देत होतो. विज्ञानात लिहिलंय, अंगणातला बर्फ वाटीत गोळा करा. मी शेरा दिला, रंकाळ्याच्या परिसरात साहित्य अनुपलब्ध. पुढे, वडिलांच्या मदतीने गॅरेजमध्ये पाखरांसाठी लाकडी घर बांधा. शेरा, वडील पाळीवर. गणितात अपूर्णांक सगळे पिझ्झ्यावर. आणि एका चाचणीत प्रश्न होता की दूध कोण देतं. ती चाचणी मी प्रायोगिक तत्त्वावर ऋताला दिली. तिने लिहिलं, म्हैस. पाठीमागच्या उत्तरसूचीत गाय. कोल्हापुरातल्या लेकराचं ते उत्तर चूक धरणाऱ्या पुस्तकावर मी दोन पानांची हरकत नोंदवली आणि ती समितीत उभा राहून वाचली. कृष्णातने म्हशीच्या बाजूने मत दिलं. बयाबाई तटस्थ राहिल्या.

मधल्या काळात, म्हणजे पुस्तकं मंजूर होईपर्यंत, तात्पुरती व्यवस्था म्हणून ऋताला सकाळी दहा ते बारा मी शिकवतोय. हे तुला मुद्दाम सांगायचं असं काही नाही, नुसतं ओघात आलं. स्नेहल साडेबाराला दवाखान्याच्या लॅबमध्ये जाते, तिला सकाळी घरचं बघायचं असतं, तर कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसतो. पावणेदहाला दाढी करून इस्त्रीचा सदरा घालतो. (घरातल्या घरात सदरा कशाला म्हणून सम्राट हसतो. त्याला म्हटलं, वर्ग हा वर्ग असतो.) भाकरीचे चार तुकडे करून आम्ही अपूर्णांक शिकलो, उरलेला अपूर्णांक ती खाते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे मी दुपारी दुसऱ्या दिवशीची गणितं काढून ठेवतो, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय तरी आकडे मोठे काढले की जमतं. ऑगस्टात एक दिवस तिला धडा वाचायला सांगितला, रोजच्यासारखी गप्प बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. थोड्या वेळाने तिने वाचायला सुरुवात केली आणि अख्खा धडा मोठ्याने वाचला, आणि मग मला म्हणाली, आजोबा, तुम्ही झोपला नाही ना? आक्का, नोकरी संपून नऊ वर्षं झाली आणि तुझी भावजय जाऊन चार. या सगळ्या वर्षांत मला सकाळी घड्याळाकडे बघायचं कारण नव्हतं. पण ते असो.

एकदा स्नेहल स्वयंपाकघरातून सम्राटला सांगत होती ते कानावर पडलं. पुस्तकं आली की पप्पांचा त्रास वाचेल, असं म्हणाली. पोर गुणी आहे, सासऱ्याची काळजी करते. मी त्या दिवशी दुपारी गणितं काढली नाहीत.

आता आमच्या हंगामाच्या सणाला काय झालं ते ऐक. तुला आपल्या लहानपणचा सण आठवतच असेल. ज्याने त्याने आपल्या घरचं पहिलं उत्पन्न आणायचं, वेदीसमोरच्या मेजावर ठेवायचं, उपासना झाली की त्याचा लिलाव. एकदा मेजावर ठेवलं ते प्रभूचं झालं, ते मागे घेता येत नाही. लिलाव पुकारायला गेली वीस वर्षं मीच असतो, कारण बिनमाईकचा आवाज मंडळीत माझाच आहे. यंदा मेजावर भोपळे, गुळाचे रवे, दोन कोंबडे, नारळ, तुरीच्या शेंगा, ऊस. त्याच दिवशी लिलावानंतर समितीची बैठक होती आणि त्यात तिसरीचा संच मंजूर व्हायचा होता. बयाबाई आणि कृष्णात दोघांनीही मला निक्षून सांगितलं होतं की आता हरकती पुरे, ती पोर थांबलीये. त्यासाठी पेटी सभागृहात आणून ठेवलेली होती. कशी कोण जाणे, गर्दीत कुणीतरी ती मेजावर भोपळ्यांच्या मागे ठेवली.

मी आपला लिलावाच्या भरात. कोंबडे गेले, गूळ गेला, आणि हाताला पेटी लागली. मी पुकारली. लिलावात वस्तू हातात आली की माझं डोकं थांबतं आणि तोंड चालतं, हे तुला कुणीही सांगेल. गायनवृंदात मागच्या रांगेत उभी असलेली स्नेहल दोन्ही हात वर करून हलवायला लागली. मी ती बोली धरली. ती आणखी जोरात हलवायला लागली. मी म्हणालो, गायनवृंदाकडून बोली वाढली. तेवढ्यात मागून बाळासोने वरची बोली लावली. बाळासो म्हणजे बिद्रीचा माझा विद्यार्थी, मी तिथल्या शाळेत होतो तेव्हा चौथीत दोनदा माझ्या हाताखालून गेलेला. आता गावच्या दूध संस्थेचा चेअरमन आहे, ऊस आहे, बारा म्हशी आहेत. धर्माने आपला नव्हे, पण दर वर्षी मास्तरांचा लिलाव म्हणून सणाला न चुकता येतो आणि एक भोपळा नेतो. स्नेहलचे हात हलतच होते, आणि प्रत्येक हलण्याला बाळासो चढत होता, शेवटी ती रडकुंडीला येऊन खाली बसली आणि मी तीनदा पुकारून पेटी बाळासोला दिली. मी त्याला विचारलं, आत काय आहे माहीत आहे का रे? तो म्हणाला, "मास्तर, आत काय हाय ते मला म्हाईत न्हाय. पर तुम्ही एवढं वराडलायसा म्हंजे चांगलंच आसणार की." आणि खांद्यावर टाकून गेला.

नंतर चर्चच्या ओट्यावर जे झालं ते लिहीत नाही. स्नेहलने पाळक साहेबांना विनंती केली, बाळासोला फोन करून पेटी परत मागू. पण तीन वर्षांपूर्वी कुणाचा तरी जेवणाचा कुकर असाच मेजावर आला होता आणि भातासकट गेला होता. तेव्हा मेजावरचं परत नाही असा निवाडा मीच दिला होता. पाळक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. स्नेहलने घरी आल्यावर मला चहा दिला पण विचारलं काहीच नाही, आणि ते न विचारणं चहापेक्षा गरम होतं.

त्या पेटीचं पुढे काय झालं ते ऐकून तू हसशील. बाळासोने संस्थेच्या हॉलमध्ये भिंतीला चादर लावली आणि संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसांना रोज दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. नऊ दिवसांत चोवीसपैकी अठरा झाले. आमच्या समितीला पाच महिन्यांत एक मधमाशी झेपली. तो रोज मला फोनवर निकाल कळवायचा. दावीद आणि गल्याथ सगळ्यांना आवडला, पुन्हा लावा म्हणाले. शेतकऱ्याच्या सिनेमात मुका आला तेव्हा काय झालं असं मी चाचरत विचारलं, तर त्याला आठवेचना, म्हणाला त्या वेळी सगळी माणसं मागच्या ट्रॅक्टरकडे बघत होती. उधळ्या पुत्राचा मात्र त्याने मूळचा, न कापलेला दाखवला. त्या दिवशी हॉलमध्ये जी वादावादी पेटली तिला तोड नाही. वाटणी झालेली सगळी माणसं एका बाजूला, न झालेली दुसऱ्या बाजूला. बाळासोचा फोन आला, "मास्तर, थोरल्याचं काय चुकलं तेवढं सांगा. हितं दुधाची गाडी खोळंबलीया." चौतीस वर्षं मी ती गोष्ट शिकवली, रविवारच्या शाळेतही शिकवली, हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नव्हता. मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून करतोय.

तर आक्का, सांगायचं एवढंच की आम्ही सुखरूप आहोत, समिती बरखास्त झाली, आणि पुस्तकं नसल्यामुळे ऋताच्या अभ्यासाची तात्पुरती व्यवस्था दुर्दैवाने पुढे चालू ठेवावी लागणार आहे. प्रकृतीला जप, उन्हात बसून तेल जिरव, आणि देव तुझ्या दारावर आपला हात ठेवो.

तुझाच,
शांतवन

ता. क. : एक किरकोळ काम राहिलं. बाळासोचा काल फोन आला होता. म्हणाला, सिनेमे गावात ठेवतो, पण पुस्तकं इंग्रजी आहेत, आमच्या कामाची न्हाईत, तुमच्या नातीला लागतील, पेटीत घालून परत देतो. निवाडा आडवा येत नाही का विचारलं तर म्हणाला, मी परत कुठं देतोय, मी ऋताला भेट देतोय. तो पुढच्या बाजाराच्या दिवशी मुरगुडाला येणार आहे, मी त्याला तुझं घर सांगितलंय. तो पेटी तुझ्याकडे ठेवेल. तर तू ती पलंगाखाली सरकव, वर गोधडी टाक आणि राहू दे. मार्चपर्यंत राहिली तरी चालेल. स्नेहलचा फोन आला तर असं काही आलेलं नाही म्हणून सांग, किंवा ऐकू येत नाही म्हणून सांग, ते तुला जास्त सोपं जाईल.

ता. क. दुसरा : वरचं वाचून तू चष्मा काढून बसली असशील आणि तुला कळलंही असेल, म्हणून सांगून टाकतो. पेटी गर्दीत कुणीतरी ठेवली नाही. मी ठेवली. उपासना सुरू व्हायच्या आधी सभागृहातून उचलली आणि भोपळे पुढे ओढून मागे लपवली. आत काय आहे ते मला पुकारताना पुरतं माहीत होतं. स्नेहल बोली लावत नव्हती हेही माहीत होतं. म्हशीची दोन पानंही त्यासाठीच लिहिली होती. आक्का, ती पुस्तकं आली की स्नेहल सगळं स्वतः बघणार, मग दहा ते बारा मी काय करू? लेकराचं वर्ष अडवून धरलं मी, चौतीस वर्षांच्या मास्तरने. देवापुढे बोललोय, आता तुझ्यापुढे बोलतोय. तरीही पेटी पलंगाखालीच ठेव.

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ : पलंगाखाली ठेवू नकोस. काल पत्र लिहून मेजावर ठेवलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं. सकाळी दूध घेऊन आलो तर स्नेहल उभ्याने वाचत होती. दोन्ही ता. क. सकट. मी पिशवी हातात धरून दारातच थांबलो. तिने पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि म्हणाली, "पप्पा, पाच महिने तुम्ही स्वाध्याय सोडवलेत, पण शिक्षकांच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं नाहीत. तिथं शिक्षकाचं नाव म्हणून रेघ आहे. पेटी माझ्या खोलीत होती ना आठ दिवस, तेव्हाच मी त्या रेघेवर पेन्सिलीनं तुमचं नाव लिहिलंय." मग म्हणाली, त्रास वाचेल म्हणजे कॅलेंडरवर गणितं काढायचा, त्या डोळ्याने, शिकवायचा कुठे म्हटलं होतं मी? मला तिच्यासमोर रडू आलं. ती दूध तापवायला गेली. ऋता विचारत होती की दहा वाजले तरी आजोबांचा सदरा कुठे आहे.

तेव्हा बाळासो आला की पेटी लगोलग एसटीने पाठव, कंडक्टरला सांग, मी स्टँडवर उभा राहतो. फक्त पाठवण्याआधी तेवढं शिक्षकांचं पुस्तक उघडून पहिलं पान बघ. स्नेहल मनाने फार चांगली आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणूनही बोलली असेल. तिथे नाव नसलं तर तूच पेन्सिलीने लिहून टाक, आणि मला सांगू नकोस.